इंदूवहिनींची लाकडी जमीन

मुलानं धाराशिवला घर बांधलंय. माझ्या तोंडात अजून उस्मानाबादच येतं, पण ते असो. हॉलमध्ये लाकडासारखं दिसणारं लॅमिनेट टाकायचं ठरलं आणि सूनबाई मला दुकानात घेऊन गेली. दुकानदारानं दोन-चार फळ्या पुढं ठेवल्या. म्हणाला, "आजी, हात लावून बघा. हुबेहूब सागवान. सुतारसुद्धा फसेल."

मी म्हटलं, "दोन-चारनं काय कळतंय? सगळा खोका उघड. अंथर खाली."

अंथरल्यावर गुडघ्यांचं काय व्हायचं ते होवो म्हणून मी खाली बसले आणि बोट फिरवत निघाले. थोड्या अंतरावर सापडलंच. "ही गाठ बघ. आणि ही बघ. जुळ्या बहिणी हायेत. झाडाला एकासारखी एक गाठ येत असती व्हय रे?"

दुकानदार डोकं खाजवायला लागला. सून हळूच म्हणाली, "आई, हे चौथं दुकान आहे. लोक हसतील."

"हसू दे," म्हटलं. "मला घाई न्हाय."

दुकानदारानं विचारलं, तुमच्या घरी लाकडाचा व्यापार होता का. कसला व्यापार! मी नर्स. जन्मभर लोकांना सुया टोचल्या. लाकूड कशाशी खातात ते मला माहीत नव्हतं. गाठी बघायची ही खोड माझी नाहीच, ती इंदूवहिनींची. इतकी वर्षं झाली, त्या बाईचा फोटोसुद्धा माझ्याकडं नाही, पण खोड मात्र चिकटली ती चिकटलीच.

उमरग्याच्या अलीकडं एक सहकारी साखर कारखाना होता. होता म्हणजे चिमणी होती, गेट होतं, चेअरमन होते, फक्त ऊस नव्हता. ऐंशीनंतरचा तो दुष्काळ. जो काही ऊस उभा होता तो जनावरांच्या छावणीत गेला आणि गाळप महिनाभरात आटोपलं. आम्ही कॉलनीतली माणसं मात्र तिथंच. मी कारखान्याच्या दवाखान्यात होते. माझे यजमान परंड्याला मास्तर, शनिवारी यायचे. माझ्या क्वार्टरच्या भिंतीला भिंत लागून शेतकी अधिकारी इंगळेसाहेबांचं मोठं क्वार्टर. इंदूवहिनी त्यांच्या मिसेस.

वहिनी चंद्रपूरकडच्या. साहेब आधी सरकारी नोकरीत तिकडं होते, तिथंच लग्न केलं आणि मग सहकारात इकडं आले. वहिनी उंच, सावळ्या, बोलायला बसल्या की हात नाचवायच्या. पण त्या फार कुणाला दिसायच्याच नाहीत. दारात उभ्या राहायच्या. तेही कसं? दोन्ही पायांची बोटं बरोबर उंबऱ्याच्या आतल्या कडेला लावून, शाळेत प्रार्थनेला पोरं रेघेवर उभी करतात तशा. बोट कधी उंबऱ्यावर आलेलं मी पाहिलं नाही.

आता कुणाला वाटेल, नवरा मारकुटा असेल. छे! इंगळेसाहेबांनी कधी आवाज चढवला नाही. बायकोवर त्यांचं एवढं प्रेम, एवढं प्रेम, की कॉलनीतल्या बायका नवऱ्यांना त्यांचं उदाहरण द्यायच्या. वहिनींना बांगड्या भरायच्या असल्या तर कासार घरी. ब्लाउज शिवायचा तर शिंपी घरी. भाजीवाली आधी त्यांच्या दारात, मग आमच्याकडं. टँकर आला की आम्ही सगळ्या घागरी घेऊन एकमेकींच्या झिंज्या ओढायच्या बेताला यायचो, आणि वहिनींच्या घागरी कारखान्याचा माणूस भरून आत नेऊन ठेवायचा. साहेब कौतुकानं म्हणायचे, "सिस्टर, हिला काय कमी हाय का सांगा. पायाला माती लागू देत न्हाय मी."

आणि खरंच लागू देत नव्हते.

एकदा भांडण उरकून मी घागर घेऊन परत निघाले, तर वहिनी उंबऱ्याआडून म्हणाल्या, "सिस्टर, किती छान भांडता हो तुम्ही." मला वाटलं, टोमणा मारतायत. मी फणकाऱ्यानं बघितलं तर बाईच्या डोळ्यांत हेवा होता! पाण्याच्या रांगेचा हेवा करणारं माणूस मी पहिल्यांदा बघितलं.

घरात त्यांचे शब्द दोनच. "हो" आणि "छान आहे". साहेबांनी हिरवी साडी आणली, छान आहे. तसलीच परत आणली, छान आहे. माहेरी जायचं नाव काढलं की साहेब म्हणायचे, "जाऊ की. हंगाम संपू दे." हंगाम संपला की, "पाऊस पडू दे." पाऊस काही पडत नव्हता. वहिनी म्हणायच्या, "हो." म्हातारे वडील तिकडं एकटे होते. किती वर्षांत गेला नाहीत, असं मी एकदा विचारलं, तर त्यांनी बोटं मोजायला सुरुवात केली आणि मधेच हात पदरात घेतला.

अशक्तपणाची इंजेक्शनं होती त्यांना. अर्थातच मी घरी जाऊन द्यायची. एकदा सुई उकळत ठेवली होती, तेवढ्यात वहिनींनी खाली बसून शहाबादी फरशीवर मूठ आपटली.

"ऐका. काही आवाज येते?"

"दगडाचा कसला आवाज येणार?"

"तेच तर ना!" आणि मग हात नाचवत सुरू झाल्या. वडील लाकडाच्या डेपोवर होते. क्वार्टर सागाच्या खांबांवर उभं, खाली सागाच्याच फळ्या. मांजर चाललं तरी कळायचं. बाबा आले तर अशी फळी वाजायची, पोस्टमन आला तर तशी. अंधारात पडल्यापडल्या घरातलं कोण कुठं आहे ते त्या सांगायच्या. "इथं बाप्पा, माणूस पाठीशी येऊन उभं राहते आणि मला..."

बोलता बोलता थांबल्या. मी मागं वळून पाहिलं. इंगळेसाहेब उभे होते. क्रेपच्या मऊ तळाचे बूट, ओठांवर हसू. जीप लांब लिंबाखाली लावून चालत आले होते. ते नेहमीच तसे यायचे. म्हणाले, "चालू द्या, चालू द्या. काय गप्पा चालल्यात?"

"फरशीचं बोलत होते," वहिनी म्हणाल्या. "गार पडते. पाय दुखतात."

खोटं इतकं झटकन सुचलेलं मी नर्सच्या नोकरीतसुद्धा फार ऐकलं नाही. साहेब लगेच काळजीत पडले. दुसऱ्या दिवशी मला दवाखान्यात गाठून विचारलं, शहाबादीवर काय टाकावं. मी सांगितलं, हल्ली लाकडाच्या डिझाइनचं लिनोलियम मिळतं, उमरग्याला बघितलंय. साहेबांना ते एकदम पटलं. चेअरमनसाहेब अधूनमधून चहाला यायचे. त्यांनी हॉलमध्ये लाकडी जमीन बघून तोंडात बोट घालावं, हे साहेबांच्या डोळ्यांपुढं उभंच राहिलं.

"सँपल घेऊन या म्हणतो दुकानदाराला," साहेब म्हणाले.

पण ह्या एका बाबतीत साहेबांचं घोडं अडलं. कासार घरी येतो, शिंपी येतो, पण लिनोलियमचे गुंडाळे माणसाएवढे उंच. ते कोण कॉलनीत आणणार? आणि साहेबांना रंगबिंगातलं काही कळत नव्हतं. चेअरमनसमोर हसं व्हायला नको. शेवटी मला बोलावून म्हणाले, "सिस्टर, तुमच्या भरवशावर पाठवतो बरं का. जबाबदारी तुमची. जाऊन बघायचं, सांजच्याला घरी." हसतच म्हणाले. पण माझी नोकरी कारखान्याची आणि साहेब चेअरमनच्या मांडीला मांडी लावून बसणारे, हे दोघांनाही ठाऊक होतं. म्हणजे मला राखण म्हणून पाठवलं होतं. ते मला त्याच क्षणी कळलं आणि टाळकं सरकलं. पण बोलणार काय, डोंबल?

तर निघालो. एसटी कारखान्याचं गेट ओलांडून रस्त्याला लागली आणि वहिनी म्हणाल्या, "मले खिडकी द्या ना." मी चमकून बघितलं. कॉलनीतल्या बायका नावं ठेवतात म्हणून त्यांनी माहेरची बोली घासूनपुसून टाकली होती. गेट मागं पडलं आणि 'मला'चं 'मले' झालं. मग थांबल्याच नाहीत. करपलेलं रान, टँकरला जागा देताना खाली उतरलेल्या बैलगाड्या, हैदराबादकडं निघालेले ट्रक, सगळ्यावर बोलणं. ट्रकच्या मागं लिहिलेलं मोठ्यानं वाचायच्या आणि खिदळायच्या. मी म्हटलं, "हळू वहिनी, लोक बघतायत." तर म्हणाल्या, "बघू द्या ना बाप्पा. कधी नाही ते दिसते मी."

उमरग्यात स्टँडसमोर इस्माईलभाईंचं दुकान. गाद्या, रेक्झिन, लिनोलियम. इस्माईलभाईंनी गुंडाळा सोडला. "देखो भाभी, असली सागवान सरीखा."

वहिनी चपला काढून त्या लिनोलियमवर गेल्या आणि गुडघ्यांवर बसल्या. बोट ठेवलं आणि लाकडाच्या रेषेवरून चालत निघाल्या. हातभर पुढं जाऊन थांबल्या. "ही गाठ पाहा. इथं आहे, आणि इथं परत तीच. झाडाला गाठ येते ती फांदी निघाली त्या जागी. एक फांदी दोन जागी निघते का? नाही. हे नाही पसंत."

'नाही'! त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकत होते. आणि काय चवीनं म्हणाल्या! इस्माईलभाईंनी दुसरा सोडला. ह्याला चकाकी फार, लाकूड असं ओल्यासारखं चमकत नाही. नाही. तिसरा लालभडक. हा साग नव्हे, ही वीट आहे. नाही. माझी चुळबूळ सुरू झाली.

"अहो वहिनी, त्याच्यावर चालायचंय फक्त. त्याच्याशी लग्न न्हाय करायचं!"

"लग्न कुठं पाहून केलं, सिस्टर," त्या मान वर न करता म्हणाल्या. "जमीन तरी पाहून करू द्या."

इस्माईलभाई खो खो हसले. मलाही हसू फुटलं. वहिनी मात्र हसल्या नाहीत.

बाहेर पडल्यावर त्यांना स्टँडवर भजी खायची होती. भजी हातात आणि नजर गाड्यांच्या पाट्यांवर. सोलापूर, लातूर, गुलबर्गा, सगळ्या वाचून झाल्या. हैदराबादची गाडी लागली तेव्हा खायच्या थांबल्या. म्हणाल्या, "हिनं हैदराबाद. तिथून आगगाडी बल्लारशाला. मग घरच." कंडक्टरनं घंटी मारली, गाडी धूळ उडवत गेली. वहिनींनी उरलेलं भजं कुत्र्याला टाकलं.

घरी साहेब दारातच. "झालं का काम?"

"एकही धड नाही," वहिनी म्हणाल्या. "पुढच्या महिन्यात नवीन माल येणार आहे म्हणे."

पुढच्या महिन्यात परत उमरगा. मग सोलापूर. मग कुणीतरी लातूरला चांगलं मिळतं म्हणालं, म्हणून लातूर. परत उमरगा. माझ्या हक्काच्या सुट्ट्या ह्यात जात होत्या आणि मी मनातल्या मनात वहिनींना शिव्या मोजत होते. एवढी कसली चिकित्सा? एकदा तर कहर झाला. जो गुंडाळा मागच्या खेपेला फार गडद म्हणून नाकारला, तोच इस्माईलभाईंनी परत काढला. वहिनी म्हणाल्या, "हा फिका आहे."

मी तोंड उघडणार तेवढ्यात इस्माईलभाईंनी डोळ्यांनी मला गप्प केलं. वहिनी आतल्या बाजूचे गुंडाळे बघायला गेल्या तशी हळूच म्हणाले, "सिस्टर, तुमकू अभी समझा नहीं क्या? भाभी लेने कू नहीं आती. आने कू आती."

मी स्टुलावर टेकले. एवढे महिने बरोबर हिंडतेय आणि मला कळू नये? हे गाद्या विकणाऱ्याला कळावं? वहिनी बाहेर आल्या तेव्हा इस्माईलभाई गंभीर चेहरा करून सांगत होते, "भाभी, नया माल आएगा अगले महिने. फिर आना पडेगा तुमकू. क्या करना?"

"पडेल तर येऊ ना," वहिनी म्हणाल्या.

त्या दिवशी स्टँडवर हैदराबादची गाडी लागली तेव्हा माझ्याच तोंडून निघून गेलं, "बसा की. जा. मी सांगते काहीतरी."

वहिनी माझ्याकडं वळल्या. "काय सांगाल? त्यांनी तुमच्या भरवशावर पाठवलं. मी गेले तर आधी तुमची नोकरी जाते." मग पदरानं तोंडावरची धूळ पुसली. "तुम्हाला काय उगीच पाठवते का तो माणूस? हुशार आहे."

इतका राग आला मला! त्या माणसाचा, कारखान्याचा, माझ्या पोटाचा. आणि परत जायच्या गाडीत वहिनीच माझी समजूत घालत होत्या, पुढच्या महिन्यात आहेच ना आपलं.

पण पुढचा महिना आला नाही. ऊस नाही म्हणून शेतकी खात्याला काम नाही. साहेब रिकामे, जीप रिकामी. एके दिवशी स्वतःच सोलापूरला गेले आणि जीपच्या टपावर एवढा थोरला गुंडाळा बांधून आले. कारखान्याचा फिटर बोलावला आणि हॉल, दोन्ही खोल्या, मधला बोळ, सगळीकडं लाकडी डिझाइन चिकटवून बसवलं. पार उंबऱ्यापर्यंत. आम्हाला सगळ्यांना बघायला बोलावलं, पेढे ठेवले.

"हिची दगदग बघवंना मला," साहेब सांगत होते. "उन्हातान्हात दुकानं हिंडायची. म्हटलं, आपणच आणू. आता कुठं जायचं काम न्हाय."

वहिनी मधोमध उभ्या. त्यांनी खाली बघितलं. त्यांचं बोट पदराच्या आत हलत होतं, गाठ सापडत होती, परत तीच सापडत होती, मला दिसत होतं सगळं. त्या म्हणाल्या, "छान आहे."

मी हातातला पेढा परत ताटात ठेवला.

साहेबांनी चालून दाखवलं. दगडावर क्रेपच्या बुटाची निदान किंचित करकर व्हायची. ह्या लाकडावर तीही नाही.

आता ऐका गंमत. गंमत म्हणजे गंमत नव्हेच, पण मला आठवलं की हसू येतंच. लिनोलियम चिकटवायला सोल्यूशन लागतं. साहेबांनी आणलेला डबा एका खोलीतच संपला. परत सोलापूरला कोण जाणार? तर फिटरनं मळी लावली. मळी म्हणजे साखर काढून घेतल्यावर कारखान्यात मागं उरतो तो काळा पाक. चिकट म्हणाल तर बोट लावलं की बोटच राहील. कारखान्यात मळीची टाकी भरलेली, म्हणजे घरचीच वस्तू. साहेब तर लोकांना ऐटीत सांगत होते, "आमच्या सहकारातलाच माल वापरला. आयडिया हिची बरं का!"

दुष्काळातली रानं. माणसाला दाणा नाही तिथं मुंगीला कुठला? आठवडा गेला असेल. सकाळी भिंतीपलीकडून साहेबांचा आवाज आला, आणि तो पहिल्यांदाच चढलेला होता. मी धावले. हॉलमधली लाकडी जमीन हलत होती! जोडांतून, कडांतून, उंबऱ्याखालून मुंग्यांच्या दोरच्या दोर चालले होते. काळ्या, लाल, डोंगळे, सगळ्या जातीच्या. साहेब कॉटवर उभे राहून बूट झटकत होते. वहिनी उंबऱ्याशी आपल्या नेहमीच्या जागी शांत उभ्या. पायांवरून मुंग्या जात होत्या तरी हलल्या नाहीत.

फिटरनं लिनोलियम उचकटलं तर खाली आणखी वारूळच. पाण्यानं धुवावं तर पाणी नाही. पावडर मारायला लागणार. मग मात्र मी माझा पांढरा कोट घातला आणि साहेबांपुढं उभी राहिले. म्हटलं, "विषारी पावडर हाय. वहिनींची तब्येत आधीच तोळामासा. आठवडाभर तरी ह्या घरात बाईमाणूस राहायचं न्हाय."

"तुमच्याकडं ठेवतो की."

"भिंतीला भिंत हाय साहेब. माझ्याकडंबी तेच." आणि मग मी डोळे मिटून बोलून टाकलं, "माहेरी सोडा त्यांना."

साहेबांनी बुटावर चढलेली मुंगी झटकली. म्हणाले, "बरं."

सामान बांधायला मी मदत केली. वहिनींच्या हातून पातळाची घडी सारखी मोडत होती. मी दार लोटून घेतलं आणि विचारलं, "मळीची आयडिया तुमची. मुंग्या येतील हे तुम्हाला सुचलं न्हाय व्हय?"

वहिनी माझ्या कानाशी आल्या. "सिस्टर, मी डेपोत वाढले. माह्या बापाचा अर्धा जन्म मुंग्या आणि वाळवीशी भांडण्यात गेला."

आणि त्या कॉलनीत, गेटच्या आत, पहिल्यांदा खिदळल्या.

उमरग्याच्या स्टँडवर मी पोचवायला गेले होते. हैदराबादची गाडी लागली. वहिनी चढल्या, खिडकीशी बसल्या, माझ्याकडं बघून हात उचलला. आणि साहेब मागोमाग चढले. वहिनींना उठवून स्वतः खिडकीला बसले, वहिनी आतल्या बाजूला. खिडकीतून मला म्हणाले, "एकटी कशी जाईल हो? आणि मी तरी इथं मुंग्यांत काय करू? रजा टाकली." गाडी हलली तेव्हा मला फक्त साहेबांचं हसू दिसलं. वहिनी त्यांच्यापलीकडं झाकल्या गेल्या होत्या.

मी स्टँडवर उभी राहून रडले. नर्स असून, भर दुपारी, लोकांसमोर. इस्माईलभाईंनी दुकानातून चहा पाठवला.

आठवड्यानं दोघं परत आले. मी जायचं टाळत होते, पण इंजेक्शन राहिलं होतं. वहिनी उघड्या शहाबादीवर बसल्या होत्या. वडिलांचं विचारलं. म्हणाल्या, "ओळखलं. हात धरून बसले." फळ्या अजून आहेत का, विचारलं.

"आहेत ना. सगळ्या वाजतात." सुई टोचली तरी त्यांचं लक्ष नव्हतं. "तिथंही हे माह्या मागंच होते. मी विहिरीवर, तर हे अंगणात. मी बाबांपाशी, तर हे दारात. पण सिस्टर, वाजत होते. ह्यांचं पाऊल पडलं की फळी सांगायची. आठवडाभर हा माणूस कुठं आहे ते मले कळत होतं."

एवढंच त्यांना माहेर मिळालं. आणि त्या ते असं सांगत होत्या, की आणखी काय मिळायचं असतं माणसाला.

मग त्यांनी मला जमीन दाखवली. मळी शहाबादीत मुरली होती. काळे डाग, ह्या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत. घासायला पाणी नाही, आणि पाणी असतं तरी ते गेले नसते. तेवढ्यात साहेब आले, उंबऱ्यातच थांबले. डागांकडं बघून तोंड वाकडं केलं. कॉलनीत मुंग्यांवरून त्यांची लई टर उडाली होती. चेअरमनसाहेबांनी तर चारचौघांत विचारलं होतं, इंगळे, पेढे खायला मुंग्यांनापण बोलावलं होतं काय.

"हे झाकायला पाहिजे काहीतरी," साहेब म्हणाले. "पण मी पडत न्हाय बाबा आता त्यात. तूच बघ. सिस्टरला घेऊन जा. आणि नीट बघून घे, घाई करू नको."

वहिनींनी खाली मान घातली. म्हणाल्या, "नाही करणार."

मला पुढं परंड्याच्या सरकारी दवाखान्यात जागा मिळाली आणि मी कॉलनी सोडली. निरोपाला गेले तेव्हा वहिनी उंबऱ्याच्या आतून बोलल्या, बोटं कडेला लावून. डाग तसेच होते. माझ्या जागी त्यांच्याबरोबर बालवाडीच्या बाई जाणार होत्या. "त्यांना भजी आवडत नाहीत," वहिनी म्हणाल्या, "पण सवय होईल."

नंतर एकदा राहिलेल्या पगाराच्या कामासाठी मी तिकडं गेले होते. परतताना उमरग्याच्या स्टँडवर सोलापूरची गाडी धरली. मी खिडकीतून सहज समोर बघितलं. इस्माईलभाईंच्या दुकानात बालवाडीच्या बाई स्टुलावर बसून जांभया देत होत्या. खाली अख्खा गुंडाळा अंथरलेला आणि त्यावर इंदूवहिनी गुडघ्यांवर बसून बोटानं लाकडाच्या रेषेवरून सावकाश चालल्या होत्या. मी हाक मारली. ट्रकांच्या हॉर्नमध्ये ती गेली कुठल्या कुठं. कंडक्टरनं घंटी मारली. इस्माईलभाई काहीतरी विचारत होते, बहुतेक पसंत आहे का म्हणून. वहिनींनी मान वर केली, चांगली ताठ केली, आणि ठामपणे हलवली.

नाही.